उपासाच्या बाई

मंगळवार पेठेतल्या त्या मुलींच्या शाळेत कालिंदी हुक्केरीकर बाईंइतकं देवाधर्माचं माणूस दुसरं नाही, असं सगळे म्हणत. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरलेल्या दिवसांत एखादी एकादशी नाहीतर चतुर्थी निघायचीच. कुणाच्या नातवाचं बारसं होऊन पेढ्यांचा पुडा शिक्षकांच्या खोलीत सुटला की बाई हात जोडून बाजूला व्हायच्या. चहासुद्धा बिनसाखरेचा. पहिल्याच महिन्यात कुणीतरी त्याचं कारण विचारलं, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं होतं की आईबरोबर काशीला गेले होते, तिथं साखर सोडली. आता काशीला जाऊन लोक काय सोडतात? कारलं सोडतात, पडवळ सोडतात, म्हणजे एरवीही ज्याला कुणी हात लावत नाही ते सोडून पुण्य पदरात पाडून घेतात. साखर सोडणारी बाई कुणी पाहिलीच नव्हती. त्या दिवसापासून सगळ्या जणी त्यांच्याशी जरा जपून बोलू लागल्या.

खरं सांगायचं तर बाईंनी काशी चित्रातच पाहिलेली. आणि देवाचं म्हणाल तर त्या गणित नि विज्ञान शिकवायच्या, ते मन लावून शिकवायच्या, आणि अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा जायच्या तेही कुणी सोबत ओढलं तरच. त्यांना मधुमेह होता. एकोणिसाव्या वर्षी जडलेला, गोळ्यांनी न भागणारा, रोज सुई टोचून घ्यावी लागणारा. मिरजेच्या डॉक्टरांनी तेव्हा वडिलांना बाहेर बोलावून सांगितलं होतं की दहा वर्षं काढली तर पुष्कळ. दाराआडून बाईंनी ते ऐकलं होतं. त्याला आता अठरा वर्षं झाली होती.

शाळेत हे एकाच माणसाला ठाऊक होतं, ते म्हणजे शिपाईबाई चिमणाबाई. शाहूवाडीकडची, तिशीच्या आत विधवा झालेली, पंधरा वर्षं शाळेत घंटा देणारी बाई. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या धुवायचं काम तिचं. त्यातली एक नळी रोज सकाळी वेगळीच रंगलेली असायची, कधी निळी, कधी हिरवट, कधी पार विटकरी. हा कसला प्रयोग रोज चालतो, असा तिला प्रश्न पडायचा. मग एका दुपारी ती झाडायला गेली तर बाई टेबलावर पालथ्या, घामानं पोलकं चिंब, आणि तोंडानं काहीतरी असंबद्ध चाललेलं. चिमणाबाईला वाटलं, बाधा झाली. भिऊन तिनं आपल्या कपातला गोडमिट्ट चहा त्यांच्या तोंडाला लावला, केवळ दुसरं काही सुचलं नाही म्हणून. दहाएक मिनिटांत बाई उठून बसल्या, पदर सारखा केला आणि रडायला लागल्या. भुतं चहानं उतरत नाहीत, एवढं चिमणाबाईलाही कळत होतं.

त्या दिवशी बाईंनी तिला सगळं सांगितलं, रंगणाऱ्या नळीत त्या आपल्याच लघवीतली साखर तपासायच्या हेही, आणि सांगितलं ते शिकवल्यासारखं. सुई टोचली की रक्तातली साखर उतरते. वर अन्न पडलं नाही तर ती नको तितकी उतरते. चुलीला जसं जळण, तशी डोक्याला साखर. जळण संपलं की चूल विझते. म्हणून आजार साखरेचा असला तरी त्या वेळी औषधही साखरच. मग खुणा पाठ करून घेतल्या. ओठावर घाम. जीभ जड. नजर एका जागी. आणि उगीचचा राग. या चार दिसल्या की दहा मिनिटांच्या आत साखर तोंडात गेली पाहिजे, जबरदस्तीनं का होईना. चिमणाबाईनं सातवीतल्या पोरीसारखं ते म्हणून दाखवलं. तेव्हापासून तिच्या कनवटीला खडीसाखरेची पुडी असायची. सहा वर्षांत ती पुडी तीनदा उपयोगी पडली होती आणि तिन्ही वेळा कुणाला पत्ता लागला नव्हता.

घरी टोचून घ्यायची सोय नव्हती. बाई भाड्याच्या एका खोलीत राहायच्या, मधलं दार घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात उघडायचं आणि त्या बाईला दुसऱ्याच्या ताटात बघायची खोड. म्हणून सगळा कारभार शाळेत, सुट्टीच्या दिवशीही. साडेदहाला प्रयोगशाळेचं दार आतून लावायचं, स्पिरिटच्या दिव्यावर सुई उकळायची, टोचायची, आणि लगेच डबा उघडून दोन भाकऱ्या नि भाजी खायची. औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी. चिमणाबाई दाराबाहेर पायरीवर बसून तांदूळ निवडत असल्याचं सोंग करायची. अकराला घंटा, आणि उपासाच्या बाई वर्गावर हजर.

हे लपवायचं कशाला, असं आज कुणी विचारील. विचारणाऱ्याचं काय जातं? आधीच्या गावी बाईंनी खरं सांगितलं होतं. तिथल्या मंडळानं आधी पाण्याचा पेला वेगळा ठेवला, मग सहावीच्या पालकांची तक्रार आली की रोगी बाई मुलींना शिवते, आणि वर्ष संपायच्या आत पत्र हातात दिलं. रोग लागट नाही हे बाईंनी फळ्यावर लिहून दाखवलं असतं, पण ऐकणार कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्या तिथं शिकल्या.

आणि आता तर प्रश्न खुर्चीचा होता. जुन्या मुख्याध्यापिका तीन वर्षं रक्तदाबानं आजारी, अर्धं वर्ष रजेवर, शेवटी गणपतीच्या आधी राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या होत्या. शाळेचे अध्यक्ष हंबीरराव. गुळाच्या व्यापारातला माणूस, जमीनही बरी, वडिलांच्या नावानं शाळा काढलेली. वाईट म्हणावा तर तसा नव्हता. पोरींची फी परस्पर भरायचा आणि कुणाला सांगायचा नाही. पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. शिक्षकांच्या सभेत त्यानं सरळ सांगितलं, "फुडची बाई धडधाकट पायजे. दुखनंकरी मानूस खुर्चीत बसवून मला शाळंचा दवाखाना करायचा न्हाई." दसऱ्याला नाव जाहीर करतो म्हणाला. ज्येष्ठतेनं पहिलं नाव कालिंदीबाईंचं, त्यांच्या मागं मीनाक्षीबाई.

बाईंना ती खुर्ची हवी होती, आणि ती हवी असल्याची त्यांना लाज नव्हती. शाळेत मुलींना भरतकाम आणि गृहशास्त्र देऊन वाटेला लावायची रीत होती. वरच्या वर्गांत गणित आणि विज्ञान घ्यायचं तर मुली नदीपलीकडच्या मुलग्यांच्या शाळेत जाणार कशा? ते सगळं बदलायचं बाईंनी वहीत मांडून ठेवलं होतं, किती बाकं, किती नळ्या, कुठली खोली. एका संध्याकाळी प्रयोगशाळा बंद करताना त्या चिमणाबाईला म्हणाल्या, "लग्न नाही, लेकरू नाही, किती दिवस आहेत तेही माहीत नाही. मला एवढं एकच हवंय. काही झालं तरी कुणाला सांगायचं नाही. मी मरायला टेकले तरी नाही." चिमणाबाईनं अंबाबाईची शपथ घेतली. माणसानं शपथ घ्यावी, पण दोन तऱ्हेच्या शपथा एकाच तोंडानं घेऊ नयेत. साखर देईन ही एक होती, सांगणार नाही ही दुसरी, आणि त्या दोन्ही एका दिवशी समोरासमोर येतील हे दोघींपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

पंचाहत्तर सालचं नवरात्र. सहावी माळ, शुक्रवार, आणि शाळेत हादग्याचा शेवटचा दिवस. अंगणात पाटावर हत्ती काढलेला, मुली नव्या परकर-पोलक्यांत, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर खिरापतीचे झाकलेले डबे. कार्यक्रम बाराचा ठरलेला. हंबीरराव कधी वेळेवर यायचा नाही, लग्नालासुद्धा तो मांडव सुटताना पोचायचा. त्या दिवशी नेमका पावणेअकराला जीप दारात. बरोबर त्याची आई, बायडाबाई, खास पाहुण्या म्हणून. पंचाहत्तरीची, भलीदांडगी, कपाळभर कुंकू नसलं तरी आवाजानं गल्ली हलवणारी म्हातारी.

बाईंनी तेव्हाच सुई टोचून घेतली होती. डबा अजून उघडायचा होता. बाहेरून मीनाक्षीबाईंनी हाक मारली की अध्यक्ष बोलावतात, लगेच या. चिमणाबाईनं दारातून डोळ्यांनीच विचारलं. बाईंनी डब्याकडे पाहिलं, हलक्या आवाजात "अर्ध्या तासात येते" म्हणाल्या आणि गेल्या. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास आहेत, फळसुद्धा चालत नाही, असं त्यांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं. न सांगून चालतं कसं? त्यामुळे चहा आला तो त्यांना गाळून, केळी आली ती त्यांना गाळून. बायडाबाईनं तर कौतुकानं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि लेकाला म्हणाली, अशी बाई पाहिजे शाळेला.

चिमणाबाई घिरट्या घालत होती. काही निमित्त काढून बाईंना आत न्यायचं तिच्या मनात होतं. तेवढ्यात हंबीररावानं तिला जीपमध्ये घातलं आणि महाद्वाराकडे पिटाळलं, म्हातारीनं हत्तीच्या पूजेसाठी काढलेली ओटी आणि वेणी घरी विसरली म्हणून नवी आणायला. नवरात्रातला शुक्रवार, देवळाकडे मुंगीला वाट नाही. जाऊन यायला तास-दीड तास गेला. ती परतली तेव्हा व्हरांड्यातल्या घड्याळात एकला दहा मिनिटं कमी होती.

अंगणात गाणी थांबली होती. मुली भिंतीला चिकटून उभ्या. मधोमध कालिंदीबाई. अंबाडा सुटून केस पाठीवर, चेहरा घामानं न्हालेला, डोळे समोर कुठंतरी खिळलेले, आणि सगळं अंग पुढंमागं हलतंय. मीनाक्षीबाईंनी त्यांना खुर्चीवर बसवायला हात धरला तर त्यांनी तो असा झिडकारला की मीनाक्षीबाई तिथंच बसल्या. हंबीरराव पुढं झाला. बाई त्याच्यावर ओरडल्या, खाली बस म्हणाल्या, जड, घोगऱ्या, कधी न ऐकलेल्या आवाजात. सहा फुटी पैलवान माणूस मटकन मातीत बसला.

बायडाबाईनं लुगडं सावरलं आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, "आई आलीया. उपासाचं अंग हाय, घट बसल्यात, कुनी हात लावू नगासा. तोंडात पानीबी घालू नगा, बाटंल."

चिमणाबाईनं चारी खुणा एका नजरेत मोजल्या. हात कनवटीला गेला. ती दोन पावलं पुढं आली तोच म्हातारीची नजर तिच्या मोकळ्या कपाळावर पडली. तू लांब हो, तुझी सावली पडेल, असं तिनं सांगितलं. स्वतः विधवाच होती ती, पण अध्यक्षाच्या आईला आणि शिपाईबाईला कायदे वेगळे. चिमणाबाई थांबली. तरीही ती रेटून गेली असती. पंधरा वर्षांत तिनं शिव्या कमी खाल्ल्या नव्हत्या. पण तेवढ्यात म्हातारीनं देवीला कौल लावला. हात जोडून विचारलं की आई, तुझं लेकरू शाळा चालवतंय, काय हवं ते माग.

बाईंच्या तोंडून शब्द फुटत नव्हते. जीभ आतल्या आत वळत होती. मग अगदी स्पष्ट, सगळ्यांना ऐकू येईल असं, त्या म्हणाल्या, "खुर्ची. माझी खुर्ची."

ते देवीचं मागणं नव्हतं. इतकी वर्षं पोटात दाबून ठेवलेलं होतं, राखण करणारं डोकंच जाग्यावर नाही म्हटल्यावर बाहेर पडलं. पण हंबीररावानं मातीत बसल्या बसल्या दोन्ही हात जोडले. तो म्हणाला, "दिली, आई. दसऱ्याची वाट कशाला, आत्ताच दिली. हुक्केरीकर बाईच हेडमास्तरीन." बायकांनी एकच गलका केला. कुणी हळद-कुंकू आणलं, कुणी कापूर लावला.

इथं चिमणाबाईचा हात थांबला. म्हणजे तिनं तो थांबवला. तिला वाटलं, मिळालं. बाईंना जे हवं होतं ते मिळालं, सगळ्या गावासमोर. आता आपण पुढं होऊन, ही देवी नव्हे, रोग आहे असं दाखवायचं आणि तोंडचा घास काढून घ्यायचा? हंबीरराव उठू दे, म्हातारी जीपमध्ये बसू दे, मग लगेच. आणि खरं सांगायचं तर मनात आणखीही एक होतं, जे तिनं पुढं कितीतरी दिवस स्वतःलाही सांगितलं नाही. तिच्या सासूच्या अंगात यायचं. तिनं लग्न होऊन आल्यापासून ते पाहिलं होतं, ते असंच दिसायचं. शुक्रवार, सहावी माळ, समोर हत्ती, आणि बाईनं सगळ्या गावच्या मालकाला मातीत बसवलं. खरंच आली असली तर? नळ्या धुऊन धुऊन तिनं विज्ञान शिकलं होतं, पण ते हातानं शिकलेलं. मन शाहूवाडीचंच होतं. ती खांबाला टेकून उभी राहिली आणि तिनंही हात जोडले.

बायका एकेक पुढं यायच्या, पाय धरायच्या, आपलं गाऱ्हाणं सांगायच्या. कुणाला मूल नाही, कुणाचा नवरा पितो. बाईंचं हलणं आता लयीत राहिलं नव्हतं, झटके येत होते. सव्वाला त्या पडल्या. पडल्या त्या सरळ मागं, पाटावरच्या हत्तीवर, आणि हातपाय आखडले, दातखीळ बसली.

मग मात्र चिमणाबाई धावली. तांब्यात खडीसाखर चुरून तिनं बाईंचं डोकं मांडीवर घेतलं. मीनाक्षीबाईंनी तिचा हात धरला. त्या घाबरल्या होत्या, दुष्ट नव्हत्या. म्हणाल्या, साखर नको, त्यांनी काशीला सोडलीय, अशा वेळी व्रत मोडलं तर काय होईल ते सांगता येत नाही. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते असं. चिमणाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा शाळेच्या बाईवर आवाज चढवला. "काशी न्हाई नि काय न्हाई. बाईस्नी साखरंचा रोग हाय. मला ठावं हाय, सा वर्सं झाली. सोडा माजा हात."

शपथ मोडली होती, मूठ उघडली होती, आणि त्याचा उपयोग काय झाला तर हंबीररावानं पुढं होऊन तो तांब्या लाथाडला. त्याचंही खोटं नव्हतं. त्याचा चुलता मधुमेहानं गेलेला, घरात साखरेची बरणी कुलपात असायची. साखरेचा रोग आणि वर साखर पाजतेस, मारतेस काय तिला, असं तो म्हणाला. आता त्या गर्दीत, त्या गोंगाटात, चुलीचं आणि जळणाचं तिनं कसं सांगायचं? ती सांगत होती. बाईंनी शिकवलं होतं त्याच शब्दांत सांगत होती. शिपाईबाईचं विज्ञान ऐकायला कुणी थांबलं नाही. पाच पावलांवर टेबलावर खिरापतीचे अकरा डबे होते, करंज्या, शिरा, लाडू, गूळपापडी. बाईंना उचलून जीपमध्ये घातलं, म्हातारी आणि मीनाक्षीबाई बसल्या, आणि चिमणाबाईला जागा उरली नाही.

ती चालत, पळत, अनवाणी दवाखान्यात पोचली. हंबीररावाच्या ओळखीचे डॉक्टर जेवायला घरी गेले होते. कंपाउंडरनं झटके थांबायचं इंजेक्शन देऊन बाईंना बाकावर निजवलं होतं. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हातारीनं सांगितलं होतं, अंगात आलं. चिमणाबाईनं पुडी काढली, तर डॉक्टर आल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही म्हणून त्यानं तिला दाराबाहेर काढलं. डॉक्टर तीन वाजता आले. चिमणाबाईनं त्यांचे पायच धरले आणि सुईचं, न उघडलेल्या डब्याचं, सगळं सांगितलं. त्यांनी तिला पुरतं बोलूसुद्धा दिलं नाही, शिरेतून साखरेचं पाणी सोडलं. मग घड्याळाकडे पाहिलं आणि किती वेळ झाला ते विचारलं. चिमणाबाईनं एकला दहापासून सांगितलं. डॉक्टरांनी बाईंची पापणी उचलून पाहिली आणि तिला बाहेर बसायला सांगितलं.

बाई तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्या. ओळख होती, बोलणं हळू पण सरळ होतं, उजवा हात थोडा अडखळत होता. चिमणाबाईला वाटलं, वाचल्या. दसऱ्याला हंबीरराव सोनं द्यायला दवाखान्यात आला, खाटेच्या पायथ्याशी उभं राहून आपट्याचं पान हातात फिरवत राहिला. मीनाक्षीबाईंचं नाव त्याच सकाळी जाहीर झालं होतं. जाताना चिमणाबाईला बाहेर बोलावून तो म्हणाला, "आदी सांगितलं असतं तर खुर्ची दिली नसती मी, खोटं कशाला बोलू? पर लाडू तरी दिला असता की." तो रडला. मोठ्या माणसांचं रडणं लवकर उरकतं. पगाराचं मी बघतो म्हणाला आणि पुढं दोन वर्षं त्यानं खरंच बघितलं.

काय गेलं होतं ते हळूहळू कळलं. जुनं सगळं शाबूत होतं. मिरजेचे डॉक्टर, आधीचं गाव, पायथागोरस, वहीतली बाकांची मांडणी. गेलं होतं ते पुढचं. त्या शुक्रवारच्या आदल्या दिवसापर्यंत येऊन बाई थांबल्या होत्या, आणि नवा दिवस डोक्यात काही केल्या राहत नव्हता. सकाळी सांगितलेलं झोपून उठलं की पुसलेलं. बेळगावचा भाऊ नृसिंह येऊन चार दिवस राहिला, पाचव्या दिवशी त्याला रजा नव्हती. चिमणाबाईनं आपलं बोचकं उचललं आणि बाईंच्या खोलीत आली. सुई उकळायला, टोचायला ती शिकली. टोचल्यावर समोर बसून शेवटचा घास पोटात जाईपर्यंत ती जागची हलत नसे. लपवायचं काही राहिलं नव्हतं, मधलं दार आता उघडंच असायचं.

कधीमधी शुक्रवारी एखादी बाई नारळ घेऊन दारात यायची. रोगच होता म्हणून गावाला कळलं होतं, तरी यायची. चिमणाबाई तिला शिव्या देऊन हाकलायची.

आणि रोज सकाळी, भाकरीचा पहिला तुकडा मोडताना, बाई विचारायच्या. त्यांच्यासाठी रोजच दसऱ्याला चार दिवस राहिलेले असायचे. "काय गं चिमणाबाई, काही कानावर आलं का? खुर्ची कुणाला देतायत?"

पहिले काही दिवस तिनं खोटं सांगितलं. तुम्हालाच, असं म्हणाली. तर बाईंचा चेहरा असा उजळला की बघवेना, आणि लगेच त्या उठून नवी साडी काढायला लागल्या, शाळेत जायचं म्हणून. दारात त्यांना अडवताना, का अडवतेस ते सांगताना, त्यांनी तिच्या अंगावर फेकलेली पिशवी झेलताना चिमणाबाईचा जीव अर्धा झाला. तीनदा असं झाल्यावर तिनं खोटं सोडलं.

तेव्हापासून ती खरं सांगते. रोज. बाई, खुर्ची मीनाक्षीबाईंना गेली. का गेली ते बाई विचारतात. मग ती सगळं सांगते, जीप, म्हातारी, कापूर, कौल. बाई लक्ष देऊन ऐकतात, मध्ये एखादा प्रश्न विचारतात, आणि शेवटी न चुकता तोच विचारतात, की तू कुठं होतीस.

"मी तितंच हुते, बाई. खांबाला टेकून. चारी खुना दिसल्या हुत्या. पुडी कनवटीला हुती. पंचवीस मिन्टं मी हुबी ऱ्हायले."

काही सकाळी बाई तिच्या हातावर हात ठेवतात आणि म्हणतात, मीच नाही का सांगितलं होतं, सांगू नको म्हणून. काही सकाळी त्या ताट सरकवून भिंतीकडे तोंड करतात, आणि मग टोचलेल्या सुईवर अन्न पडावं म्हणून चिमणाबाईला त्यांचे पाय धरावे लागतात. आज यातलं काय वाट्याला येणार ते तिला कधी कळत नाही. भाकरी थापता थापता ती मनाशी बोलून बघते, आणि मग ताट घेऊन त्यांच्यासमोर बसते.